पाच लाखांचा प्रश्न आणि कोपऱ्यातली ठेव

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१. घराचं कर्ज २० लाख शिल्लक, व्याज ४ टक्के आणि तेही स्थिर. अजून १५ वर्षं बाकी, हप्ता १४,७९४. बँकेत ६ लाखांची मुदत ठेव, ३ टक्क्यांची. हप्ता धरून महिन्याचा घरखर्च ४५ हजारांच्या आसपास. आता ५ लाख हातात आले आहेत. मोठे भाऊ म्हणतात, कर्जात भर आणि मोकळा हो. ऑफिसातला मित्र म्हणतो, इतक्या स्वस्त कर्जाला कोणी हात लावतं का, शेअरच्या फंडात टाक. कुणाचं ऐकायचं?

त्या दोघांना क्षणभर बाजूला ठेवू. तुम्ही विचारलंत पाच लाखांबद्दल, पण तुमचं लिहिलेलं वाचताना मला खुपली ती सहा लाखांची ठेव. तिचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, जणू तिचा या प्रश्नाशी काही संबंधच नाही. माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

बघा ना, एकीकडे तुम्ही बँकेला ३ टक्क्यांनी पैसे दिलेत आणि दुसरीकडे ४ टक्क्यांनी घेतलेत. ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर अंतर आणखी वाढतं. कर २० टक्के धरला तर हातात पडतात २.४ टक्के. सहा महिन्यांचा खर्च अडीअडचणीसाठी बाजूला असायलाच हवा. तो झाला २ लाख ७० हजार, सरळ ३ लाख धरा. त्याला हात लावायचा नाही. वरच्या ३ लाखांवर मात्र तुम्ही वर्षाला १.६ टक्के, म्हणजे ४,८०० सोडून देताय. रक्कम मोठी नाही, पण त्या बदल्यात काहीच मिळत नाही. जोखीम घेतली म्हणून जास्त परतावा, असंही नाही. कर्ज आणि ठेव मनाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत असतात, म्हणून ही गळती दिसत नाही, एवढंच.

कर्ज मुदतीआधी फेडणं ही गुंतवणूकच आहे. ४ टक्क्यांच्या कर्जात टाकलेला प्रत्येक पैसा ४ टक्के कमावतो: हमखास, आणि कमाई वाचलेल्या व्याजाच्या रूपात असल्यामुळे सहसा तिच्यावर कर नाही. म्हणून तिची तुलना करायची ती ठेवीशी, सरकारी रोख्यांशी, म्हणजे मुदतीपर्यंत ठेवले तर ज्यांत मुद्दल हलत नाही अशांशी. शेअरशी नाही. भाऊ आणि मित्र भांडताहेत ते कर्ज विरुद्ध शेअर असं धरून. तुमच्या घरातली खरी जोडी आहे कर्ज आणि ठेव, आणि त्या जोडीचा निकाल लावायला बाजाराचं भविष्य कळावं लागत नाही. (कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर ४ चा आकडा तेवढा खाली घ्या. तुमचा कराचा टप्पा २० टक्क्यांचा आणि सवलत पूर्ण मिळत असेल, तर कर्ज पडतं ३.२ टक्क्यांना. तरीही ठेवीच्या वरच.)

आता पाच लाखांकडे येऊ. समजा ते आजच सगळे कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला. १८० ऐवजी १२४ महिन्यांत कर्ज संपेल, ५६ हप्ते वाचतील. एकूण व्याज ६ लाख ६३ हजारांवरून साधारण ३ लाख ३४ हजारांवर येईल. बँकेच्या कॅल्क्युलेटरवर हा आकडा ठळक अक्षरांत येतो, 'बचत ३,२९,०००', आणि माणूस हरखून जातो. पाच लाख टाकले आणि सव्वातीन लाख वाचले, म्हणजे ६५ टक्के फायदा! तसं नाही. हे पंधरा वर्षांत विखुरलेलं व्याज आहे. आजचे पाच लाख आणि चौदाव्या वर्षातलं व्याज एका ओळीत मांडून भागाकार करता येत नाही. खरा हिशोब करायचा तर वाचलेले ते ५६ हप्ते ४ टक्क्यांनीच साठवत न्या. पंधराव्या वर्षाच्या शेवटी ९ लाख १० हजार जमतात. आणि पाच लाख पंधरा वर्षं ४ टक्क्यांनी नुसते ठेवले असते तरी, महिन्याच्या चक्रवाढीने, तेवढेच झाले असते. ना कमी ना जास्त.

याच हिशोबात एक जुना गैरसमजही निघतो. 'व्याज सगळं सुरुवातीलाच वसूल करतात, शेवटच्या वर्षांत फेडून काय उपयोग' असं सर्रास ऐकू येतं. तुमच्या आजच्या हप्त्यात ६,६६७ व्याज आहे आणि ८,१२७ मुद्दल, कारण आज २० लाख शिल्लक आहेत. दहा वर्षांनी साधारण ८ लाख उरतील, तेव्हा व्याज २,७०० च्या खाली जाईल, कारण शिल्लकच कमी. दर तेव्हाही ४ टक्केच. त्या वेळी भरलेला पैसाही ४ टक्केच कमावेल, फक्त कमी वर्षं. तेव्हा लवकर फेडण्यात काही जादू नाही आणि उशिरा फेडण्यात काही वेडेपणा नाही. हप्ता कमी करायचा की मुदत, या वादाचंही तसंच. मुदत कमी केली तर एकूण व्याज जास्त वाचलेलं दिसतं, कारण पैसा जास्त काळ कर्जात राहतो. दर दोन्हीकडे एकच.

मित्राची बाजू. पाच लाख शेअरच्या फंडात टाकले आणि पंधरा वर्षं वर्षाला ७ टक्के सुटले, तर होतील १३ लाख ८० हजार. कर्जात भरून जमले असते त्यापेक्षा ४ लाख ७० हजार जास्त. २ टक्केच सुटले तर होतील ६ लाख ७३ हजार, म्हणजे २ लाख ३७ हजारांनी मागे. पहिला आकडा मित्र सांगतो, दुसरा कोणीच सांगत नाही.

दुसरा आकडा काल्पनिक वाटतो का? अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक घ्या, म्हणजे तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या भावांचा मापक. १९९९ च्या अखेरीस पैसे टाकून २००९ च्या अखेरीपर्यंत कोणी शांत बसला असता, तर लाभांश पुन्हा गुंतवूनही मुद्दल थोडं कमीच झालं असतं. पुढच्या दहा वर्षांत त्याच निर्देशांकाने वर्षाला सरासरी १३ टक्क्यांहून जास्त दिले. तोच निर्देशांक, तोच धीर, फक्त जन्मसाल वेगळं. जपानचं उदाहरण तर त्याहून कडू आहे. तिथला शेअर निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं! लाभांश धरले तर भरपाई थोडी आधी झाली, पण पंधरा वर्षांच्या कर्जदाराला त्याचा काय उपयोग.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. पंधरा वर्षांसारख्या काळात, जगभर पसरलेल्या शेअर-फंडाने ४ टक्क्यांना मागे टाकण्याची शक्यता माझ्या मते चांगली आहे. माझे स्वतःचे पैसे तिथेच आहेत. पण ७ वजा ४ म्हणजे ३ टक्के हा 'फुकटचा नफा' नाही. अनिश्चितता अंगावर घेतल्याचा तो मोबदला आहे, आणि तो नेमका कधी मिळेल याची तारीख कोणी देत नाही.

शिवाय ७ च्या ७ हातात पडत नाहीत. फंडाचा वार्षिक खर्च १ टक्का असेल तर उरले ६, आणि १३ लाख ८० हजारांचे झाले ११ लाख ९८ हजार. मित्र दाखवतो त्या फायद्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग फंड चालवणाऱ्याच्या खिशात गेला. त्यानंतर नफ्यावरचा कर. म्हणून असा निर्णय घेताना मी आधी फंडाचं नाव विचारत नाही, खर्चाचा टक्का विचारतो. साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे एखाद्या निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, तो एक टक्क्याच्या बराच खाली असतो, आणि स्वस्त कर्ज अंगावर ठेवून गुंतवायचं असेल तर तोच घ्यावा. दोन्ही बाजूंनी टोल भरून हा प्रवास परवडत नाही.

महागाईचा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण कोणीतरी सांगेलच: महागाई वाढते तसं कर्ज आपोआप हलकं होतं, मग फेडायचं कशाला? पहिला भाग खरा. पण त्यामुळे कर्ज विरुद्ध गुंतवणूक ही तुलना बदलत नाही, कारण ४ टक्के आणि ७ टक्के हे दोन्ही महागाईसकटचेच आकडे आहेत. महागाई दोन्ही पारड्यांत आहे. एका पारड्यात ती पुन्हा टाकली की हिशोब फसतो, आणि चांगले हिशोबी लोकही इथे फसतात.

महागाईचा खरा संबंध दुसरीकडे आहे. तुमचा दर स्थिर आहे, म्हणजे पुढे बाजारातले दर चढले तरी तुमचे ४ तसेच राहणार. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत तीस वर्षांच्या स्थिर गृहकर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. मार्च २०२२ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर वाढवायला घेतले आणि जुलै २०२३ पर्यंत ते ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. त्या काळात अल्पमुदतीच्या सरकारी कागदांवरच ५ टक्क्यांच्या वर मिळत होतं. ज्यांनी पावणेतीन टक्क्यांचं कर्ज ठेवलं होतं त्यांना शेअरची जोखीम न घेताच फरक सुटला. ज्यांनी आधीच फेडून टाकलं होतं त्यांना ते कर्ज त्या दराने परत मिळणार नव्हतं. स्वस्त, स्थिर कर्ज ही अशी वस्तू आहे की एकदा सोडली की सोडली. बदलत्या दराचं कर्ज असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. तिथे आजचे ४ म्हणजे उद्याचे ७ असू शकतात, आणि 'कमी व्याजाचं कर्ज' हे वर्णन तात्पुरतं असतं.

आता एक गोष्ट माझ्या घरची. पैशांचा सल्ला देण्याच्या या व्यवसायात नवा होतो तेव्हा कर्जाची मला चीड होती. तीन वर्षं साठवलेलं सगळं एका दिवशी कर्जात भरलं आणि स्टेटमेंटवरची शिल्लक बघत बसलो. वर्षही झालं नव्हतं, एक मोठं काम हातातून गेलं आणि चार महिने आवक जवळजवळ शून्य. बँकेला विचारलं, इतके पैसे आगाऊ भरलेत, चार हप्ते त्यातून वळते करा. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ते मुद्दलात जमा झालेत, या महिन्याचा हप्ता पाच तारखेला लागेल. शेवटी घरकर्जाच्या जवळजवळ दुप्पट दराने वैयक्तिक कर्ज काढून मी घरकर्जाचे हप्ते भरले. हिशोब बरोबर होता, पैसे चुकीच्या जागी होते.

तुमच्या बाबतीतही तेच. पाच लाख भरून हप्ता तसाच ठेवलात, तर पुढचे १२४ महिने तुमच्या खिशाला काहीच फरक जाणवणार नाही. फायदा येतो तो १२५ व्या महिन्यापासून. तोवर नोकरीत काही झालं तर बँक तुम्ही आधी किती भरलंत हे बघत नाही, या महिन्याचं बघते. म्हणूनच ते तीन लाख ठेवीत राहू द्या म्हटलं. तुमच्या बँकेत कर्जाला जोडलेलं बचत खातं मिळत असेल, म्हणजे खात्यात पैसे असतील तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही आणि हवे तेव्हा काढताही येतात, तर ते नक्की बघा. फक्त त्यासाठी दर किती वाढवून लावतात ते विचारा. पाव-अर्धा टक्का सगळ्या २० लाखांवर वाढला तर मौज महागात पडते.

आणि फंडात टाकायचे म्हणून ठेवलेले पैसे खरंच फंडात जातात का? माझ्यासमोर बसून 'कर्ज फेडत नाही, गुंतवतो' म्हणालेल्यांपैकी कितीतरी जणांनी पुढच्या वर्षी गाडी बदलली. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा खरा प्रतिस्पर्धी शेअर नसतो, खर्च असतो. कर्जात गेलेला पैसा निदान सुटत नाही. स्वतःचा स्वभाव तुम्हालाच ठाऊक. गेल्या तीन वर्षांत ठरवलेली गुंतवणूक दर महिन्याला ठरल्या तारखेला झाली असेल, तर मित्राचं ऐकायला हरकत नाही. नसेल, तर भावाचं ऐका आणि टक्केवारी विसरा.

आमच्या धंद्यात एक उलटा प्रश्न विचारायची पद्धत आहे: घर कर्जमुक्त असतं, तर ते गहाण टाकून ४ टक्क्यांनी पैसे उचलून शेअर घेतले असते का? बहुतेक जण एका दमात 'नाही' म्हणतात, आणि सल्लागार विजयी मुद्रेने 'मग फेडा' म्हणतो. मला हा प्रश्न अर्धवटच पटतो. नवं कर्ज काढायला खर्च येतो, दर नवा लागतो आणि कदाचित ४ टक्के मिळतच नाहीत. तुमचं कर्ज आधीच झालेलं आहे, स्वस्त आहे आणि हप्ते वेळेवर जात असतील तर बँक मध्येच ते मागू शकत नाही. शेअर गहाण ठेवून घेतलेल्या उसनवारीत बाजार पडला की दुसऱ्या दिवशी 'आणखी पैसे भरा' असा फोन येतो. इथे येत नाही. तरी प्रश्न स्वतःला एकदा विचाराच. उत्तरापेक्षा, ते देताना पोटात काय होतं ते बघा.

वयाचं लवकर सांगून टाकतो. तुम्ही ४१ चे, कर्ज संपेल तेव्हा ५६ चे. तोवर पगार चालू असेल तर गुंतवणूक पडलेली असतानाही हप्ता पगारातून जातो, फंड मोडावा लागत नाही. हाच प्रश्न ५७ वर्षांच्या माणसाने विचारला असता, ज्याचा पगार तीन वर्षांत थांबणार आहे आणि हप्ते आठ वर्षं उरलेत, तर मी बाजाराचं नावही काढलं नसतं.

तेव्हा तुमच्यापुरतं माझं मत असं. ठेवीतले ३ लाख राहू द्या, उरलेले ३ लाख कर्जात भरा. कर्ज साधारण १४५ महिन्यांत संपेल, म्हणजे तीन वर्षं आधी, तुमच्या त्रेपन्नाव्या वर्षी. आलेले ५ लाख स्वस्त इंडेक्स फंडात. पण एक अट: हे पैसे पुढच्या सात-आठ वर्षांत कशासाठीही लागणार नसतील तरच. मुलांच्या शिक्षणाला पाच वर्षांनी लागणार असतील तर ना फंड ना कर्ज, ठेवीतच ठेवा, ३ टक्के तर ३ टक्के. आणि दुसरीकडे कुठे क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा महागडं वैयक्तिक कर्ज असेल तर वरचं सगळं थांबवून आधी ते मिटवा. एकदम पाच लाख टाकायला धजत नसाल तर दहा-बारा महिन्यांत विभागून टाका. सरासरीने त्यात थोडं नुकसान होतं, पण पहिल्याच वर्षी बाजार पडला आणि घाबरून सगळं विकलंत तर होणारं नुकसान त्याहून मोठं.

बायको, भाऊ आणि मित्र तिघांत एकमत होत नसेल तर निम्मं-निम्मं करण्यातही कमीपणा नाही. जोखीम आणि परताव्याचं गणित १९५२ मध्ये मांडणाऱ्या आणि त्यासाठी १९९० मध्ये नोबेल मिळवणाऱ्या हॅरी मार्कोविट्झ यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांचे, आपलंच सूत्र बाजूला ठेवून, शेअर आणि रोखे असे सरळ दोन समान भाग केले होते. कारण त्यांनीच नंतर सांगितलं: पुढे पश्चात्ताप कमी व्हावा.

पैसे भरण्याआधी दोन कागद तपासा. एक, कर्जाचा करार. स्थिर दराच्या कर्जात मुदतीआधी भरल्यास शुल्क असू शकतं. ३ लाखांवर २ टक्के म्हणजे ६,०००, म्हणजे तुमची सव्वा वर्षाची बचत गेली. बऱ्याच करारांत वर्षाला ठरावीक रक्कम शुल्काविना भरता येते, तसं असेल तर दोन वर्षांत विभागून भरा. दुसरा, ठेवीची पावती. मुदत दोन-तीन महिन्यांत संपणार असेल तर मोडून दंड भरू नका, तेवढं थांबा.

आणि भरताना अर्जात स्पष्ट लिहा: 'रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने चार लाख भरले होते. बँकेने ते पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ रक्कम म्हणून धरले, आणि सात महिने व्याज जुन्याच मुद्दलावर लागत राहिलं. त्यांच्या लक्षात आलं ते स्टेटमेंटमधल्या शिल्लक मुद्दलाच्या रकान्यामुळे, जो चार लाखांनी खाली यायला हवा होता. तुमच्या पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये तो रकाना १७ लाखांच्या जरा खाली दिसला पाहिजे, आणि हप्त्यातलं व्याज ५,७०० च्या आत. नसेल तर त्याच दिवशी लेखी विचारा.